डिस्चार्ज कार्ड वाचताना

रुग्णालयातून माणूस घरी येतो त्या संध्याकाळी घरात एक कागद फिरतो. आधी मुलगा वाचतो, मग इंग्रजी शाळेत शिकणारी नात वाचते, मग शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणी नर्स असेल तर तिला बोलावणं जातं. शेवटी कागदाचा फोटो काढून तो गावाकडच्या ग्रुपवर पडतो आणि चिपळूण-साताऱ्याहून प्रत्येकाचा वेगळा अर्थ परत येतो. रुग्णालय मुंबईतलं केईएम असो, शीव असो, नायर असो की उपनगरातलं एखादं नर्सिंग होम. कागद साधारण सारखाच असतो. वर निदान, मध्ये तपासण्या, खाली औषधं.

या वाचनात एक गोष्ट हमखास उलटी घडते. लांबलचक शब्दांवर सगळ्यांची नजर अडकते, घरात रडारड होते, आणि त्यातले बरेच शब्द निरुपद्रवी असतात. त्याच कागदावर खाली दोन-तीन अक्षरांत लिहिलेलं असतं त्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, पण ते कुणी मोठ्याने वाचत नाही. मला या लहान शब्दांबद्दल बोलायचं आहे. मात्र मोठ्या शब्दांची भीती उतरल्याशिवाय तिकडे लक्ष जाणार नाही, म्हणून आधी ते.

वैद्यकातला लांब शब्द शेपटाकडून वाचावा. शेवटी ‘आयटिस’ असेल तर त्या अवयवाला दाह झाला आहे, सूज आहे: अपेंडिसायटिस, गॅस्ट्रायटिस, सायनुसायटिस. ‘ऑस्कोपी’ म्हणजे दुर्बिणीने पाहणं. ‘मेगॅली’ म्हणजे आकार वाढलेला. मलेरियाच्या रुग्णाच्या सोनोग्राफीत स्प्लीनोमेगॅली, म्हणजे मोठी झालेली प्लीहा, दिसते यात नवल नाही. ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑटमी’ म्हणजे छेद घेणं, आणि ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर वाट काढून देणं. हे शेवटचे तीन कानाला जवळजवळ सारखे लागतात, पण संमतीपत्रावर सही करताना त्यांच्यातला फरक कळायलाच हवा. कोलेक्टमी म्हणजे मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढणं. कोलोस्टमी म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावणं. ऑपरेशननंतर पोटावर पिशवी पाहून घरचे हादरतात तेव्हा बहुतेक वेळा ती शक्यता कागदावर आधीच लिहिलेली असते.

‘ओमा’ म्हणजे गाठ, पण गाठ कसली ते ‘ओमा’ सांगत नाही. लायपोमा ही चरबीची साधी गाठ. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. कार्सिनोमा, सार्कोमा, लिम्फोमा हे मात्र कर्करोग. ‘बिनाइन’ लिहिलं असेल तर कर्करोग नाही, ‘मॅलिग्नंट’ असेल तर आहे. कर्करोगाच्या कागदावर स्टेज आणि ग्रेड असे दोन आकडे असतात आणि ते सर्रास एकच समजले जातात. रोग किती पसरला आहे ते स्टेज सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात, म्हणजे त्या किती वेगाने वाढण्याची शक्यता आहे, ते ग्रेड सांगते. ग्रेड तीन ऐकून ‘तिसरी स्टेज’ समजू नये.

फोनवर सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘हायपर’ आणि ‘हायपो’चा. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. थायरॉइडमध्ये आणखी एक पेच आहे. टीएसएच हे मेंदूतल्या ग्रंथीकडून थायरॉइडला जाणारं काम करण्याचं फर्मान. थायरॉइड मंदावली की फर्मानाचा जोर वाढतो, म्हणून टीएसएच वाढलेला दिसला तर बहुतेक वेळा थायरॉइड कमी पडत असते. आकडा वर म्हणून रोग ‘जास्तीचा’, असा सरळ हिशोब इथे चालत नाही.

अ‍ॅक्यूट आणि क्रॉनिक हे शब्द आजाराची तीव्रता सांगत नाहीत, काळ सांगतात. अ‍ॅक्यूट म्हणजे अलीकडे, अचानक सुरू झालेला. क्रॉनिक म्हणजे महिनोन्‌महिने चाललेला. अ‍ॅक्यूट ब्राँकायटिस बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. क्रॉनिक किडनी डिसीज वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. यातला भीतीदायक कोण ते सांगायला नको.

आता तपासण्या. सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की आधी तळाशी ‘इम्प्रेशन’ असतं ते वाचावं. वरचा मजकूर हा रेडिओलॉजिस्टने जे जे दिसलं त्याचा पंचनामा असतो. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे नोंद घेण्यासारखं काही नाही, ही चांगली बातमी. ‘एनएडी’ म्हणजे दोष आढळला नाही. ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ म्हणजे वयानुसार झालेली झीज. ‘डिस्क बल्ज’ हा शब्द वाचून कितीतरी माणसं कायमची वाकायला घाबरतात. पण पन्नाशीतल्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून अधिक जणांत तो दिसतो. म्हणूनच खाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचवलेलं असतं. माणसाला प्रत्यक्ष तपासून मगच या चित्राचा अर्थ लावा, असं एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला सांगितलेलं ते वाक्य आहे. पाय लुळा पडतोय, लघवीवरचा ताबा जातोय, बसण्याच्या जागी बधिरपणा आलाय, अशा वेळी मात्र तोच डिस्कचा रिपोर्ट त्याच दिवशी दाखवण्याचा असतो.

रक्ताच्या रिपोर्टात ठळक छापलेला आकडा दिसला की पोटात गोळा येतो. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा कशी ठरते ते कळलं की तो गोळा जरा विरतो. बऱ्याच चाचण्यांत निरोगी माणसांची रक्तं तपासून मधले ९५ टक्के आकडे ‘नॉर्मल’ धरले जातात. म्हणजे दर २० निरोगी माणसांतला एक जण प्रत्येक चाचणीत मर्यादेबाहेर पडणारच. हल्ली फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतात. त्यात एकही आकडा ठळक आला नाही तरच आश्चर्य. आकडा मर्यादेपासून किती दूर आहे, मागच्या वेळी किती होता आणि माणसाला त्रास काय आहे, हे तीन प्रश्न त्या ठळक छपाईपेक्षा जास्त सांगतात. लघवीच्या रिपोर्टातलं ‘पस सेल्स २-३’ हे असंच एक कारण नसलेलं भय. पाचपर्यंत पेशी सहसा नॉर्मल धरतात. तसंच ‘ल्युकोसायटोसिस’. पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ, आणि बहुधा कारण जंतुसंसर्ग असतं. तो ल्युकेमिया नव्हे.

क्रिएटिनिनबद्दल, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाबद्दल, मात्र उलट सांगावं लागेल. हा आकडा मर्यादेत दिसला तरी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत असं समजू नये, कारण त्यांची निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंत तो फारसा हलत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ईजीएफआर (मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन या दोन गोष्टी मागून घ्याव्यात. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक राहिला तर तो क्रॉनिक किडनी डिसीज.

निदानाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह किंवा ‘रूल आऊट’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, हा रोग नाही ना याची खात्री करायची आहे. रोग आहे असं ते म्हणत नाही.

आणि मुंबईत या ‘रूल आऊट’च्या पुढे फार वेळा येणारा शब्द म्हणजे ‘कोच’. रॉबर्ट कोख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. त्यांचं नाव इथल्या डॉक्टरांच्या बोलण्यात ‘कोच’ होऊन क्षयाला चिकटलं. टीबी हा शब्द वॉर्डात मोठ्याने उच्चारला जाऊ नये म्हणून ‘कोच’, आणि उपचारांना ‘एकेटी’, म्हणजे अँटी-कोच ट्रीटमेंट. हेतू चांगला आहे. परिणाम असा होतो की कार्डावर ‘पल्मोनरी कोच, एकेटी सुरू’ असं स्वच्छ लिहिलेलं असूनही घरच्यांना आपल्या माणसाला टीबी आहे हे कळत नाही, आणि खोकला थांबला की गोळ्या थांबतात. मला हे आडपडद्याचे शब्द मनापासून नकोसे वाटतात. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दीड-दोन महिन्यांत वजन वाढतं, ताप जातो, बरं वाटतं, आणि नेमकं तिथेच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊन परत येतात. मुंबईने औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचा हा त्रास खूप सोसला आहे. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, किंवा लाल-हिरवा रंग ओळखता न येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि पोषणासाठी दरमहा रक्कम थेट बँकेत जमा होते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० आहे. ‘एकेटी’चा अर्थच न कळलेला माणूस या योजनेची चौकशी तरी कशी करणार?

इंग्रजी शब्दांना दोष देता देता आपल्या मराठी शब्दांकडेही पाहायला हवं. ‘छातीत पाणी झालंय’ हे आपण दोन अगदी वेगळ्या आजारांना म्हणतो. एकात पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, आवरणात साठतं. कार्डावर ‘प्ल्युरल इफ्यूजन’ असतं. तरुण माणसात आपल्याकडे त्यामागे बरेचदा टीबी निघतो, आणि ते पाणी सुईने काढून तपासतात. दुसऱ्यात पाणी फुफ्फुसाच्या आतच भरतं, ‘पल्मोनरी इडीमा’. कारण बहुधा हृदय, आणि त्यावर लघवी वाढवणारी औषधं आणि ऑक्सिजन लागतो. सुईने ते निघत नाही. दुसऱ्या रुग्णालयात नेताना नुसतं ‘छातीत पाणी होतं’ सांगितलं तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही, म्हणून कार्डावरचा शब्द जसाच्या तसा दाखवावा. ‘कावीळ’चंही तसंच. ती मुळात खूण आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई, पित्तनलिकेत अडकलेला खडा, दारूने खराब झालेलं यकृत, एखादं औषध, असं काहीही तिच्यामागे असू शकतं. अंगाला खाज, पांढुरकी शी आणि गडद लघवी एकत्र असतील तर पित्ताची वाट अडल्याची शंका घेतात. अशा वेळी गावठी औषधात गेलेले आठवडे महागात पडतात.

सगळ्यात घातक मराठी वाक्य मात्र ‘गॅस झालाय’ हे आहे. छातीच्या मध्यभागी दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, यांना गॅस समजून सोडा पिण्यात जो तास जातो, तो परत मिळत नाही. मधुमेही माणसांत आणि बायकांत दुखण्याऐवजी नुसता दम, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं वाटणंही असू शकतं. इथे तीन शब्द वेगळे ओळखावेत. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी अडून त्या भागाचे स्नायू मरू लागणं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं ठोके देणं बंद. माणूस कोसळतो, श्वास थांबतो किंवा आचके येतात, आणि त्या क्षणापासून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबत राहणं आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगणं एवढंच हातात असतं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलेलं नसतं. ते पुरेसं पंप करत नाही, म्हणून पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. औषधांवर अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात. तरी ‘फेल’ ऐकून घरच्यांनी आशा सोडलेली असते.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टातलं ‘ईएफ ६० टक्के’ वाचून ‘चाळीस टक्के हृदय गेलं’ असंही बोललं जातं. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. ५५ ते ७० टक्के हे चांगलंच. अँजिओग्राफी म्हणजे पाहणं, अँजिओप्लास्टी म्हणजे उघडणं. आणि कळ येऊन तासच झाला असताना ईसीजी साफ आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) निगेटिव्ह आला म्हणून घरी निघू नये. ट्रोपोनिन रक्तात वाढायला काही तास लागतात, म्हणून ते आणि ईसीजी दोन्ही पुन्हा करतात. ‘थोडा वेळ थांबा’ असं डॉक्टर म्हणाले तर त्यामागे बिल वाढवण्याचा डाव शोधू नये.

पावसाळा सुरू झाला की या शहरात तापाची एक वेगळीच भाषा ऐकू येते. ‘पांढऱ्या पेशी उतरल्या’ असं डेंग्यूत सगळे म्हणतात, आणि बहुतेकांना म्हणायच्या असतात प्लेटलेट्स. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट्स रक्त गोठवतात. डेंग्यूत दोन्ही कमी होतात, पण हे दोन वेगळे आकडे आहेत. प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली आल्या की घरचे रक्तपेढ्यांना फोन लावू लागतात. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या वर असताना प्लेटलेट चढवून फारसा फायदा होत नाही. त्याच रिपोर्टात हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही म्हणून एक आकडा असतो, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते सांगणारा, त्याकडे कुणी पाहत नाही. तो आधीपेक्षा २० टक्क्यांनी वाढला तर रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतंय. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा या झिरपण्याने. हा धोक्याचा काळ ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा. म्हणजे घरचे ‘ताप गेला, सुटलो’ म्हणतात, नेमका तेव्हा. पोटात जोराची कळ, थांबत नसलेली उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा किती का असेना, रुग्णालय. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नाही. एनएस-१ ही विषाणूचा अंश शोधणारी चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर. सहाव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाही असं ठरत नाही.

मलेरियाच्या रिपोर्टात ‘पीव्ही’ आणि ‘पीएफ’ ही दोन अक्षरं सगळं ठरवतात. पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम, मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो, त्यात दिरंगाई नको. पीव्ही, म्हणजे व्हायवॅक्स, त्या मानाने सौम्य, पण तो यकृतात दडून बसतो. ताप क्लोरोक्विनने तीन दिवसांत जातो. दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ताप गेला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनी ‘पुन्हा मलेरिया झाला’ तर तो बऱ्याचदा तोच जुना असतो. प्रायमाक्विन गर्भवतीला देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्याला त्याने रक्तपेशी फुटू शकतात; लघवी कोकमासारखी लाल-काळी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे.

तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस टाळण्याची) गोळी हवी का, हे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावं. पायाला जखम असेल तर नक्कीच. आणि विडाल चाचणीच्या भरवशावर टायफॉइडचं निदान करू देऊ नये. जुन्या संसर्गाने, लसीनेही ती पॉझिटिव्ह येते, आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेलं ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून केलेली तपासणी) खरं उत्तर देतं.

आता ती लहान अक्षरं.

‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डोळ्यांच्या कागदावर मात्र तोच ‘ओडी’ उजव्या डोळ्यासाठी येतो, ‘ओएस’ डाव्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन-तीन थेंबांच्या बाटल्या असतात, तेव्हा कोणता थेंब कुठल्या डोळ्यात आणि किती वेळा हे बाटलीवरच मराठीत लिहून घ्यावं.

‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. पण त्यालाही अंतर आणि मर्यादा असते, आणि ती कागदावर क्वचितच लिहिलेली असते. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत चार ते सहा तास हवेत आणि मोठ्या माणसाने दिवसात चार ग्रॅमच्या वर जाऊ नये. गंमत नाही, हे ओलांडणं फार सोपं आहे: क्रोसिन, डोलो, कॅलपोल या तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते असतं. पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, वाचायचं ते. जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटपुढे ‘एसओएस’ असेल तर बसून घ्यायची, उभ्याने नाही, कारण रक्तदाब एकदम उतरतो. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स.

‘वीकली’ हा शब्द मी लाल पेनाने गोल करायला सांगेन. संधिवाताची किंवा सोरायसिसची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती पडली आणि रोज घेतली गेली तर आठवडाभरात तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि माणूस जाऊ शकतो. तिच्यासोबत बहुधा फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं, तीही लहानशी गोळी, त्यामुळे अदलाबदल सहज होते. म्हणून ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर थांबू नये, वार ठरवून घ्यावा आणि पाकिटावर ‘फक्त बुधवार’ असं ठळक लिहावं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूलही अशीच आठवड्याची. ती कुणी ताकदीची गोळी समजून महिना-दोन महिने रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या आणि बद्धकोष्ठ सुरू होतो, मूत्रपिंडं दुखावतात.

‘एमजी’ आणि ‘एमएल’. पहिलं औषधाचं वजन, दुसरं पातळ औषधाचं माप. लहान मुलांचं पॅरासिटामॉल तीन तीव्रतांत मिळतं: पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं सिरप, आणि तान्ह्यांसाठी ड्रॉप्स, ज्यात एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर ड्रॉप्स दीड मिलिलिटर, २५० चं सिरप तीन, १२५ चं सिरप सहा. ‘मागच्या वेळी पाच एमएल दिलं होतं’ म्हणून ड्रॉप्स पाच मिलिलिटर दिले की बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं. ड्रॉप्स तान्ह्या बाळांचे म्हणून सौम्य, हा समज इथे घात करतो. ते थोडक्यात भागावं म्हणून मुद्दाम दाट केलेले असतात. माप बाटलीसोबतच्या झाकणाने किंवा ड्रॉपरने, घरातल्या चमच्याने नाही.

इन्सुलिनचं मापही असंच फसवं आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनच्या काडतुसात आणि काही कुप्यांत १००. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. १०० ची कुपी घेऊन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात आणि साखर धोकादायक उतरते. उलट ४० चं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजने २० पर्यंत भरलं तर जेमतेम आठ युनिट मिळतात. दर वेळी मेडिकलमधून आणताना कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दुकानातच जुळवून पाहावा.

गोळीच्या नावामागे ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली आहे. नळीतून जेवण चालू असलेल्या रुग्णाला घरी सगळ्याच गोळ्या कुटून देतात. ही कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डिस्चार्जच्या वेळीच विचारावं, ‘सिस्टर, यातल्या कुठल्या गोळ्या कुटायच्या नाहीत?’

ऑपरेशनच्या आधी पलंगाला ‘एनबीएम’ची पाटी लागते: तोंडाने काही नाही. यात आपल्याकडे चहा मोडतच नाही असं मानतात. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ नये म्हणून ही मनाई असते. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालू शकतं, पण दूध आणि दुधाचा चहा खाण्यासारखेच, त्यांना सहा तास लागतात. सकाळी सहाला वॉर्डातल्या मावशींकडून घेतलेल्या अर्ध्या कपापायी ऑपरेशन पुढे जातं, आणि घरचे भुलेच्या डॉक्टरांवर चिडतात. त्या डॉक्टरांचं बरोबर असतं.

डिस्चार्जच्या वेळी पालिकेच्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे खरं आहे. तरी ‘समजलं ना?’ या प्रश्नाला मान डोलावून निघू नये. समजलेलं उलट सांगून दाखवावं: ‘डॉक्टर, ही सकाळी उपाशीपोटी, ही दोन रात्री, ही फक्त बुधवारी. बरोबर?’ अर्ध्या मिनिटाचं काम, आणि चूक असेल तर तिथेच सापडते. कोणती जुनी औषधं बंद झाली हेही विचारावं. कार्डावर नव्यांची यादी असते. जुन्या गोळ्या घरच्या डब्यात तशाच असतात आणि दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दुप्पट जातं.

आणि एक ओळ शोधावी: ‘एचपीई अवेटेड’. काढलेला तुकडा तपासायला दिला आहे, निकाल यायचा आहे. टाके सुकले, माणूस चालू-फिरू लागला की हा रिपोर्ट घरच्यांच्या डोक्यातून जातो, आणि तो पॅथॉलॉजीच्या कपाटात पडून राहतो. ‘कल्चर अवेटेड’चंही तेच. निघण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: नमुन्याचा नंबर, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर आणि कधी मिळेल, आणि तो घेऊन कोणत्या युनिटच्या ओपीडीत कोणत्या वारी यायचं. पालिकेच्या रुग्णालयांत युनिटचे वार ठरलेले असतात. भलत्या दिवशी गेलं तर वेगळेच डॉक्टर भेटतात. रिपोर्टात कर्करोग निघाला आणि टाटा मेमोरियलला जायचं ठरलं, तर नुसता कागद पुरत नाही. तिथे तुकड्याच्या स्लाइड्स आणि मेणात बसवलेला ब्लॉक पुन्हा तपासतात, ते आधीच्या प्रयोगशाळेतून सही करून घ्यावे लागतात. नोंदींच्या प्रती मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.